टिल्लूची गाडी

११ जानेवारी

गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "ताई, खरंच हात घालणार असाल तर आधी वही करा. काय कुठून निघालं, काय कुठे बसलं, रोज लिहा. डोक्यावर भरवसा ठेवलात तर शेवटी मूठभर बोल्ट उरतात आणि ते कुठले, हे कोणाच्या बापालाही सांगता येत नाही." म्हणून ही वही.

घरामागच्या शेडचं कुलूप आज आठ महिन्यांनी काढलं. किल्ली फिरेना. मिस्त्रींनी तेल सोडलं तेव्हा कुरकुरत फिरली. आत गाडी आहे, असं नुसतं म्हणायचं. माझ्या लग्नाच्याही आधीची ती गोल पाठीची जुनी गाडी टिल्लूनं दोन वर्षांपूर्वी कुठून तरी ओढून आणली आणि तिचा सांधा न् सांधा वेगळा केला. मधोमध चार लोखंडी घोड्यांवर चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आडव्या टाकलेल्या शिडीसारखा. भिंतीकडे रिकामी बॉडी. दारं नाहीत, काचा नाहीत. इंजिन ताडपत्रीखाली. बाकी सगळं डब्यांत. माझा हरवलेला साखरेचा डबासुद्धा तिथेच सापडला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, त्याच्या मुंगीच्या अक्षरात: "पुढचं डावं दार, बिजागऱ्या. वरची घट्ट आहे."

माझा मुलगा सहा फूट उंच झाला तरी घरात टिल्लूच होता. एकतीस वर्षांचा. मे महिन्यात एका सकाळी ऑफिसला गेला आणि तिथल्या जिन्यात कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

यांचं म्हणणं, भंगारवाल्याला बोलवावं. मी म्हटलं, बोलवा, पण आधी मला काट्यावर चढवा. त्यावर हे पेपरात तोंड खुपसून बसले. पस्तीस वर्षं बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावली या माणसानं. न येणाऱ्या गाडीची वाट बघणं त्यांना जमत नाही.

सून म्हणाली, "आई, एवढी घाई काय आहे?" आठ महिन्यांना घाई म्हणतात का? मी म्हटलं, "त्याचं अर्धं राहिलेलं काम आहे. आपण नाही तर कोण करणार?" ती आत निघून गेली. तिलाही मनातून हेच हवंय, मला कळतं.

१९ जानेवारी

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. शिलाई मशीन कळतं. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात तीस वर्षं बसले. मिस्त्री म्हणतात, "यंत्र ते यंत्र." ते सत्तरीचे आहेत. एका कानानं ऐकू येत नाही, आणि जे ऐकायचं नसतं ते दुसऱ्यानंही येत नाही. टिल्लू दर शनिवारी त्यांच्या गॅरेजात पडीक असायचा. सगळं तिथेच शिकला.

आठवडाभर तारेच्या ब्रशनं चासी घासतेय. गंज केसांत, नाकात, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा. आज मागच्या डाव्या स्प्रिंगपाशी एक खपली उडाली आणि खाली केसाएवढी चीर निघाली. मिस्त्रींनी तिच्यावरून नख फिरवलं. "ही वरून कधीच दिसली नसती."

मी म्हटलं, "वरून पट्टी मारली तर?"

"चासीला थापा चालत नाहीत, ताई. वरचा पत्रा कितीही नटवा, खाली चीर असली की एक दिवस दारं लागायची बंद होतात."

मग ती चीर आणखी खरवडून उघडली, आणि मगच वेल्डिंग केलं.

३ फेब्रुवारी

सुनेचं कपाट आवरून दिलं. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये असते, सकाळी सातला जाते ती पार दमून येते. तिला वेळ कुठला? तिनं टिल्लूचे शर्ट गाठोड्यात बांधून वरच्या फळीवर टाकले होते. मी ते धुऊन, इस्त्री करून पुन्हा खाली तिच्या साड्यांशेजारी लावले. हाताशी असलेले बरे. संध्याकाळी कपाट उघडून ती बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "थँक्यू, आई." भरून आलं असणार.

तिच्या नावानं जाड पाकीट आलंय, दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलचं. जाहिरात असेल. हल्ली काय वाटेल ते पाठवतात.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "आई, गाडी झाल्यावर काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? ठेवायची. रविवारी तुम्हा दोघांना फिरवेन. मी शिकेन चालवायला."

हे म्हणाले, "मीठ दे जरा." भाजीत मीठ बरोबर होतं.

२२ फेब्रुवारी

नवल आहे. काल डबा नंबर चौदामधले बोल्ट गंजून तांबडे झालेले पाहिले होते. आज सगळे लख्ख. रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, मापाप्रमाणे ओळीनं कागदावर मांडलेले. मिस्त्रींना म्हटलं, "तुमची कमाल आहे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा!" ते नुसतं "हं" म्हणाले. अगदी प्रसिद्धीपराङ्मुख माणूस.

१४ मार्च

चासीला लाल प्रायमर, त्यावर काळा रंग, दोन हात. स्प्रिंगा बसल्या, मागचा आस बसला. ब्रेकचे नवे पाइप मी स्वतः वाकवले. पहिला मोडला, दुसरा मोडला, तिसरा बरोबर आला. बाहीचा घेर काढण्यासारखंच आहे, घाई केली की चुणी पडते.

मिस्त्रींना म्हटलं, टिल्लूला किती आनंद झाला असता. ते पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

१५ मार्च

पाठ धरली. गेले नाही.

६ मे

वर्ष झालं.

सून सकाळीच बाहेर पडली, सुट्टी काढून. कुठे जाते ते सांगितलं नाही. मला वाईट वाटलं. आजचा दिवस तिघांनी एकत्र बसावं, एवढंही वाटू नये? दुपारी आली, डोळे सुजलेले. मी बोलून गेले, "आम्हाला सोडून कुठे गेली होतीस?" ती म्हणाली, "नुसती चालत होते, आई." मग मलाच लाज वाटली. जबरदस्तीनं दोन घास खायला लावले.

टिल्लूचा फोन तिनं अजून चालू ठेवलाय. संध्याकाळी तो वाजला तेव्हा आम्ही दोघं दचकलो. ती घेऊन गॅलरीत गेली, दार लावून घेतलं. अकरा मिनिटांनी आत आली.

"कोण गं?"

"राँग नंबर."

अकरा मिनिटं राँग नंबरशी बोलत बसली. मन फार मोठं आहे पोरीचं. एकटा असेल कोणी बिचारा.

१८ जून

आज बॉडी चासीवर बसली!

मिस्त्रींनी छताच्या तुळईला साखळीची कप्पी लावली. चार कोपऱ्यांना चार माणसं लागत होती. मिस्त्री, सून, मी... चौथं कोण? मी घरात जाऊन यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "पेपर कालचा आहे. चला." हे उठले. शेडमध्ये आले आणि मागच्या उजव्या कोपऱ्याला उभे राहिले, जणू ती जागा त्यांचीच होती. मिस्त्री आपल्या कोपऱ्यातूनच साखळी सोडत होते, एकेक कडी. बॉडी वितभर वर, मग बोटभर, मग... "थांबा!" हे ओरडले. "माझ्याकडचा रबराचा तुकडा सरकलाय." कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तसंच बसलं असतं तर सगळी गाडी तिरपी झाली असती.

बोल्ट आवळताना यांचे हात पाहिले. नखांच्या कडांत काळं ग्रीस. आजचं नव्हे, जुनं, मुरलेलं. मग मला चौदा नंबरचा डबा आठवला. आणि त्यानंतरचे सगळेच डबे. दुपारी मी भाजीला जाते तेव्हा हा माणूस शेडमध्ये जाऊन बोल्ट पुसत बसतो, चार महिने!

साबणाऐवजी लिंबू आणि साखर ठेवली मोरीवर. ग्रीस त्यानं निघतं.

२० जुलै

रंगाऱ्याशी भांडण. आला तो म्हणाला, "राखाडी ना? टिल्लूशेठनी सांगून ठेवलं होतं, गेल्या वर्षीच." राखाडी? टिल्लूला लहानपणापासून निळा. दप्तर निळं, सायकल निळी, लग्नातला कोट निळा. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "त्यांना राखाडीच हवा होता ताई... म्हणजे, टिल्लूला."

"टिल्लूला 'त्यांना' कधीपासून म्हणायला लागलात?"

मिस्त्रींना ऐकू आलं नाही.

निळा ठरवला. गडद, शाईसारखा. सुनेला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला हवा तो लावा, आई." तिला काही रसच उरलेला नाही कशात. गाडी पूर्ण झाली की येईल ताळ्यावर.

११ ऑगस्ट

दोन आठवडे फक्त शिलाई, म्हणून वहीला हात नाही. माझ्या राज्यातलं काम! जुन्या सीटची कव्हरं उसवली, प्रत्येक तुकडा कागदावर आखला. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, वर चामडं. टाके एका इंचात सात; सहा घातले तर ढिलं, आठ घातले तर चामडं फाटतं. कडेला दोरी भरून गोट लावला. जुनं पायाचं मशीन असं चाललं, असं चाललं... तीस वर्षांत एवढी सरळ शिवण माझ्या हातून आली नव्हती. मधेच आपण गाणं गुणगुणतोय असं लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. आपलं मूल गेल्यावर गुणगुणतात का?

आज छताचं कापड. ते ताणून धरायला चार हात लागतात. सून आली. दोघी गाडीत, माना वर करून, तोंडात टाचण्या. ती एकदम म्हणाली, "आई, एक सांगू?"

"आधी हे टोक धर. घट्ट. हां, सांग."

ती धरून राहिली. मग म्हणाली, "काही नाही. चुणी पडतेय तिकडे."

खरंच पडत होती.

९ सप्टेंबर

इंजिन बोललं!

मिस्त्रींच्या गॅरेजात सहा महिने उघडं पडलं होतं. आज सकाळी जोडलं. पहिल्यांदा स्टार्टर मारला तर धडाम् असा आवाज आणि मागून काळा धूर. मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. प्लगच्या दोन वायरी मी उलटसुलट लावल्या होत्या. मी म्हटलं, वहीत तसंच लिहिलंय. वही पाहिली तर वहीत बरोबर होतं.

बदलल्या. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. आणि लागलं ते लागलंच. सगळी शेड थरथरायला लागली, फळीवरचे रिकामे डबे नाचायला लागले. हे दारात उभे होते. मिस्त्रींनी टोपी काढून डोळे पुसले, म्हणाले धूर फार आहे. सून माझ्या गळ्यात पडली. अशी रडली, अशी रडली... मी म्हटलं, "रड बाळ, रड. आता तो आपल्याजवळच आहे." त्यावर ती आणखीच रडली.

१० सप्टेंबर

आज दुपारी चारला एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा; चौकापलीकडे त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, मी ओळखते. म्हणाले, "रंगाऱ्यानं सांगितलं, गाडी झाली. नुसती बघायला आलोय." मी शेड उघडली. कौतुकानं आले असतील असं वाटलं. त्यांनी गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला.

"सुंदर," म्हणाले. "मी राखाडी सांगितला होता. पण निळाही शोभतोय."

"कोणाला सांगितला होता?"

"तुमच्या मुलाला." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. "तुम्हाला... त्यानं मलाच द्यायची ठरवली होती गाडी. तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं."

सून कामावरून येऊन शेडच्या दारात उभी होती, खांद्यावर पिशवी तशीच. मी म्हटलं, "हे काय म्हणतायत ऐकलंस? सांग यांना." तिनं मान खाली घातली. तेवढ्यानं मला कळलं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, माझ्या मुलाची गाडी विकायची नाही. ते म्हणाले, "मी मागायला नाही आलो, बाई. क्षमा करा," आणि गेले. किती सभ्यपणानं गेले. तेच सहन झालं नाही.

मग सुनेनं सांगितलं. इथेच, स्टुलावर बसून. तिला त्या दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली होती. टिल्लूलाही तिकडे काम मिळणार होतं. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून नदी दिसते. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळचा तो राँग नंबर म्हणजे त्याच घराचे मालक. गाडी विकायची आणि निघायचं. गाडी घेतली होती तीच त्यासाठी, दुरुस्त करून विकायला.

"आणि मला सांगितलं नाही?"

"रोज म्हणायचा, आज सांगतो."

"मग?"

तिनं खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. "आई, तुम्हाला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? मी काय वाघ आहे?"

"वाघ असता तर बरं झालं असतं. तुम्ही रडला असता. आणि मग आम्ही गेलोच नसतो."

मी म्हटलं, "जा मग आता. कोणी धरलंय?" फार वाईट आवाजात म्हटलं.

ती म्हणाली, "हॉस्पिटलवाले दोनदा थांबलेत माझ्यासाठी. या महिन्याच्या शेवटापर्यंत सांगायचंय. तुम्हाला टाकून जायला पाय निघत नाही, आणि इथे श्वास घेता येत नाही. कपाट उघडलं की त्याचे शर्ट. खिडकी उघडली की त्याची गाडी. तुम्ही म्हणालात, तो आता आपल्याजवळ आहे. आई, तो नाहीये."

१२ सप्टेंबर

कोणाशी बोलले नाही. मिस्त्री आले होते, दार उघडलं नाही. रंगाऱ्याला माहीत, मिस्त्रींना माहीत, चष्मेवाल्याला माहीत. माझ्या पोटचा पोर, आणि मीच परकी.

१३ सप्टेंबर

तेच.

१५ सप्टेंबर

शेडमध्ये गाडीत बसले होते, मागच्या सीटवर. हे आले. दार उघडून माझ्या शेजारी बसले. कुठे निघाल्यासारखे दोघं समोर बघत.

म्हणाले, "मला माहीत होतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"एप्रिलात सांगितलं होतं त्यानं मला. निघायचं म्हणाला, गाडी आहे तशी सुटी विकतो, चष्मेवाले घेतायत. मी म्हटलं, अर्धवट कशाला देतोस? पूर्ण कर, मग जा. सावकाश कर." त्यांनी नखातलं ग्रीस खरवडलं. "गाडीसाठी नव्हतो म्हणत. म्हटलं, तेवढेच चार महिने राहील. तुझ्यासाठी. माझ्यासाठीही."

मग म्हणाले, "एप्रिलात जाऊ दिला असता तर मे महिन्यात तो त्या जिन्यात नसता."

पस्तीस वर्षांत यांची एक बस कधी उशिरा सुटली नाही. एक पोरगा थांबवला, त्याचा हिशेब हा माणूस सव्वा वर्ष एकटा करत बसला होता, रॉकेलमध्ये हात बुडवून. आणि मी त्याला काट्यावर चढवण्याच्या गोष्टी करत होते.

मी म्हटलं, "अहो, काळीज तेच होतं. तिकडच्या जिन्यात पडला असता. निदान इथे होता."

"असं म्हणतेस?"

"म्हणते."

मला खरं माहीत नाही. डॉक्टरांनाही नसेल. पण एवढं मला म्हणता आलं. यांनी डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर टेकलं. मी शिवलेल्या चामड्यावर यांच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. म्हटलं, पडू दे.

१६ सप्टेंबर

ही वही पहिल्यापासून वाचली. बोल्टांची नोंद अचूक आहे. बाकी काहीच मला दिसलेलं नाही. तिनं शर्ट बांधून वर टाकले, मी खाली आणले. तिनं विचारलं, एक सांगू? मी म्हटलं, आधी टोक धर. टिल्लूलाही असंच म्हणत आले असेन, एकतीस वर्षं.

पान फाडून टाकावं असं वाटलं. नाही फाडलं.

१८ सप्टेंबर

चष्म्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं म्हणून बाकावर बसून राहिले. माझा नंबर आल्यावर म्हणाले, "डोळे तपासायचे?" मी म्हटलं, "ते आधीच तपासायला हवे होते. गाडी घेऊन जा. माझ्या मुलाचा शब्द होता." ते काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, राखाडीचं मनावर घेऊ नका.

घरी येऊन सुनेला सांगितलं, "हॉस्पिटलला कळव. हो म्हणून." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी रडणार की काय, हे बघत होती. मी कांदे चिरायला घेतले. निदान बहाणा तरी असावा.

२५ सप्टेंबर

गाडी गेली.

चष्मेवाले पत्नीला घेऊन आले. त्या काठी घेऊन चालतात. तरुणपणी त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. त्या मागे बसल्या, सीटवरून हात फिरवला, बोटं गोटापाशी थांबली. "ही शिवण कोणाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी. "मशीनवरची वाटत नाही," म्हणाल्या. "एवढा जीव ओतून कोण शिवतं?" मी त्यांच्या बाजूचं दार लावलं.

मिस्त्रींनी त्यांना चोक किती ओढायचा ते तीनदा सांगितलं. यांनी सगळ्या चाकांचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासले. मग ती निघाली. गल्लीच्या टोकाला ब्रेक लागले, लाल दिवे पेटले, माझ्या हातानं जोडलेले. डावीकडे वळली. आवाज बराच वेळ येत होता. नंतर तो येतोय की नुसता वाटतोय, ते कळेना.

२९ सप्टेंबर

सुनेला स्टँडवर सोडून आलो. दोन बॅगा. यांनी तिला कागदावर बसच्या वेळा लिहून दिल्या, तिकडून इकडे येणाऱ्या सगळ्या. खाली लिहिलं: "सोयीप्रमाणे. सक्ती नाही." बस सुटताना तिनं खिडकीतून माझा हात धरला होता. सोडायचा कोणी, प्रश्न पडला. मी सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच.

१२ ऑक्टोबर

रविवार. शेड झाडून काढली. जमिनीवर तेलाचे चार डाग, ते जात नाहीत. मिस्त्री चहाला आले, दोन घोट घेऊन म्हणाले, घर फार शांत झालं. त्यांच्यासुद्धा कानाला जाणवलं म्हणायचं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. यांनी उचलला. पाणी येतं का, किती वाजता येतं, लिफ्ट चालू असते का, बस स्टॉप किती लांब, कोणता नंबर. आठ मिनिटं हेच. मग फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, "नदी दिसते का?" म्हणाली, "दिसते, आई. थोडी. कोपऱ्यातून." मग ती काहीतरी सांगायला लागली, लॅबमधल्या एका बाईंबद्दल, लांबलचक. मी मधे बोलले नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "बरी आहे."

मी म्हटलं, "हो."

तो तिकडे गेला असता तर मी रडले असते, भांडले असते, महिनाभर जेवले नसते. आणि मग एखाद्या रविवारी संध्याकाळी असाच फोन आला असता. लिफ्ट बंद आहे म्हणाला असता. भाजी महाग आहे म्हणाला असता. आणि मी इथे, याच खुर्चीत, रागावून बसले असते.